ज्याचं छप्पर फोडलं तो

दर बुधवारी दुपारी तीन वाजता फादर चर्चच्या उत्तरेकडच्या भिंतीपाशी सात-आठ खुर्च्या मांडायचे आणि ज्याला काही दुखतंखुपतं असेल त्याला चित्रासमोर बसवायचे. चित्र जुनं होतं आणि अर्धी भिंत व्यापून होतं. त्यातली गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. प्रभू एका घरात बसून बोलताहेत, दारात मुंगीलाही शिरायला जागा नाही, म्हणून चौघे जण आपल्या लुळ्या मित्राला खाटेसकट छपरावर नेतात, छप्पर उकलतात आणि दोरांनी खाट खाली सोडतात. प्रभू त्या चौघांचा विश्वास बघतात आणि खाटेवरच्याला म्हणतात, ऊठ, खाट उचल आणि घरी जा. फादर हा उतारा दोनदा सावकाश वाचायचे, पाच मिनिटं गप्प बसायचे आणि मग एकेकाकडे वळून एकच प्रश्न विचारायचे.

"या चित्रात तुम्ही कोण?"

बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असायचं. ज्याला त्याला आपणच खाटेवरचे वाटतो. पण निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळं गाव मोठ्या बाई म्हणायचं, त्या म्हणाल्या होत्या, "मी गर्दीतली. मागची. जिला पुढच्यांच्या डोक्यांमुळे काही दिसत नाहीये." एवढं बोलून त्या रडल्या, आणि त्या दिवशी काठी विसरून घरी चालत गेल्या. न्हाव्याचा उजवा हात थरथरायचा, म्हणजे त्या धंद्यात दुष्काळात तेरावा महिनाच. तो तीन बुधवार आला आणि चौथ्या आठवड्यापासून लोक त्याच्यासमोर डोळे मिटून मान वर करू लागले. घड्याळवाल्याला चार वर्षं उचकी होती, ती चित्रासमोर थांबली. फादर म्हणायचे, "चित्रानं माणूस बरा होतो असं मी म्हणत नाही. होत नाही असंही म्हणत नाही." असं बोलायला माणूस फादरच लागतो.

तर अशा एका बुधवारी शेवटच्या खुर्चीवर कौलवाला बसला होता. गावातली निम्मी छपरं त्याच्या हातची. चर्चचं छप्परही त्यानंच वीस वर्षांपूर्वी नव्यानं घातलेलं. त्याला स्वतःला काही दुखत नव्हतं. तो बायकोच्या वतीनं आला होता.

अकरा महिन्यांपूर्वी तिला ताप आला. एकवीस दिवस राहिला आणि गेला, पण जाताना पायांतली ताकद घेऊन गेला. बाविसाव्या दिवशी ती आपली आपण उठली, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि तिथं पडली. सकाळी दहाला पडली ती दुपारी एक वाजेपर्यंत फरशीवर होती. हा तेव्हा गिरणीच्या छपरावर. बाराला जेवायला यायचं कबूल केलं होतं, पण दोनच ओळी उरल्या होत्या, म्हटलं संपवूनच जावं. आला तेव्हा ती रडत नव्हती. नुसती छताकडे बघत होती. त्यानं उचलून खाटेवर ठेवलं आणि त्या खाटेवरून ती नंतर उतरली नाही.

डॉक्टर म्हणाले, "हाडं चांगली आहेत, शिरा चांगल्या आहेत. पाय जमिनीला लावायला सांगा. वर्षाच्या आत उठल्या तर उठल्या. पुढं गुडघे धरतील, मग मला बोलावूही नका." हे त्यानं तिला सांगितलं. ती म्हणाली, "उठेन की. आणि पडले तर धरणार कोण?"

त्यावर त्यानं तेलं आणली. चोळायचं तेल, शेकायचं तेल, वासानंच माणूस उठून पळावा असं एक तेल. ती पळाली नाही. चित्रासमोर चल म्हणाला, तर म्हणाली, "मला उचलून चार लोकांत मांडून ठेवू नका." शेवटी फादर म्हणाले, तिच्याऐवजी तुम्ही बसा, चालतं. वर्ष भरायला महिना उरला होता.

फादरांनी उतारा वाचला, पाच मिनिटं गप्प बसले आणि त्याच्याकडे वळले. "चित्रात तुम्ही कोण?"

कौलवाला चित्राकडे बघतच म्हणाला, "ज्याचं छप्पर फोडलं तो."

फादर थोडे गडबडले. "तो... तो या चित्रात नाहीये."

"तेच म्हणतोय. त्याला कुणी काढलंच नाही. बिचाऱ्याच्या घरात पाहुणे बसलेत, वरून माती पडतेय, कौलं गेली, कौलांखालच्या रिपा गेल्या. रोगी उठून घरी गेला, चौघे त्याच्या मागं गेले. छपराचं पुढं काय झालं? पुस्तकात एक ओळ नाही."

"मुद्दा छपराचा नाहीये हो," मोठ्या बाई म्हणाल्या.

"ज्याच्या डोक्यावर ते होतं त्याला विचारा," कौलवाला म्हणाला.

इथंच थांबला असता तर बरं होतं. पण माणसाचा हात त्याच्या धंद्याचा असतो. यानं खिशातून मोजपट्टीची गुंडाळी काढली, बूट काढले, खुर्चीवर चढला आणि फादर नको नको म्हणेपर्यंत चित्र मोजलं. आधी खाट, मग भोक, मग पुन्हा खाट.

"खाट तेरा इंच," तो वरूनच म्हणाला. "दोन वाशांमधली जागा साडेदहा. दोन्ही वासे शाबूत, कुठं कापल्याची खूण नाही. ही खाट या भोकातून जात नाही."

"अहो, चित्र आहे ते!"

"चित्र असलं म्हणून काय झालं? वासे ते वासेच. खाट जात नाही म्हणजे माणूस खाली आला नाही. आणि खाली आलाच नाही तर तो बरा कसा झाला?"

हे त्यानं खोडी काढायला विचारलं नव्हतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, कारण घरी एक माणूस तसंच पडून होतं. पण तेवढ्यात मोठ्या बाई उठायला गेल्या आणि पुन्हा मटकन बसल्या.

"माझा गुडघा," त्या म्हणाल्या.

घड्याळवाला म्हणाला, "योगायोग अस..." आणि त्याला उचकी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाव्यानं बँकेच्या मॅनेजरच्या कानाची पाळी कापली. जखम नखाएवढी, पण बोंब गावभर. संध्याकाळपर्यंत न्हाव्याच्या दुकानात काळं कुत्रं फिरकेना. आठवडाभरात गावातले निम्मे पुरुष दाढ्या वाढवून फिरू लागले, आणि घड्याळवाल्याच्या प्रत्येक उचकीसरशी एखादा स्क्रू उडून कपाटाखाली जाऊ लागला, त्यामुळे कुणाचंच घड्याळ बरोबर चालेना. ज्यांना चित्रासमोर पूर्वी कधी आराम पडला होता त्या सगळ्यांची दुखणी, नावं घेऊन बोलावल्यासारखी, परत आली. एका बाईकडे तर तिच्या आईची पाठदुखी परत आली. आईला जाऊन सहा वर्षं झाली होती.

लोक कौलवाल्याच्या घरी येऊ लागले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सकाळी तो कामावर जायला निघाला की दारात तीन जण, संध्याकाळी परतला की पाच.

"तुम्ही म्हणा की चूक झाली मोजण्यात," मोठ्या बाई काठी आपटत म्हणायच्या. "एवढं म्हटलंत तरी पुरे."

"चूक झाली नाही तर कसं म्हणू?"

"माझा गुडघा बघा!"

"बाई, तुमच्या गुडघ्यासाठी मी अडीच इंच कुठून आणू?"

आतल्या खोलीचं दार अकरा महिने बंद असायचं. बायकोलाच ते तसं हवं होतं. पण दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती आतून म्हणाली, "ते दार उघडं ठेवा जरा. काय चाललंय ते कळू दे." मग येणारे आधी तिच्या खोलीत डोकावू लागले. न्हावी तिला हात दाखवायला गेला. हात थरथरत होता, त्यात चहाचा कप होता, आणि न्हावी गंभीरपणे सांगत होता की दाजी जोवर शब्द मागं घेत नाहीत तोवर आपण चहा बशीतूनच पिणार. न्हावी तिचा लांबच्या नात्यातला भाऊ लागायचा, म्हणून कौलवाला त्याचा दाजी. तर त्या कपातला निम्मा चहा न्हाव्याच्या बाहीत गेला आणि ती हसली.

कौलवाला बाहेर पायरीवर बूट घालत होता. त्यानं ते हसू ऐकलं आणि एक बूट हातात घेऊन तसाच बसला. अकरा महिन्यांत ती हसली नव्हती. त्याला आनंद झाला, आणि लगेच, ते न्हाव्यानं हसवलं याचा रागही आला, आणि त्या रागाची लाजही वाटली. तो बूट घालून कामावर गेला.

इकडे फादरांनी सभा बोलावली. पहिला ठराव असा आला की पाट्या रंगवणाऱ्याला बोलावून चित्रातलं भोक अडीच इंच मोठं करून घ्यावं. कौलवाला म्हणाला, भोक मोठं करायचं तर वासा सरकवावा लागेल, आणि वासा सरकवला तर वरचं आढं अधांतरी राहील, मग प्रभूंच्या डोक्यात पडेल. दुसरा ठराव असा आला की खाट अरुंद करावी. तर खाट अरुंद केली की रोगी बाहेर लोंबतो. मग रोग्यालाच बारीक करा, असं घड्याळवाला उचक्यांच्या मधे मधे म्हणाला. त्यावर मोठ्या बाई कडाडल्या, "मग तो आजारी नाही, उपाशी दिसेल! आणि त्याला बरं करण्यापेक्षा जेवायला घालणं सोपं होतं असं मुलं म्हणतील!" ठराव बारगळला.

शेवटी फादरच म्हणाले, "त्यांनी खाट तिरकी करून सोडली असेल. एक कड खाली, एक वर. तशी जाईल की नाही?"

कौलवाल्यानं डोळे बारीक केले. बराच वेळ हवेत बोटं फिरवली. "खाट जाईल," तो म्हणाला. "पण मग रोगी खाटेच्या आधी खाली येईल."

"घट्ट धरून राहिला असेल."

"लुळा माणूस?"

"हात लुळे होते असं कुठं लिहिलंय?"

मग ठरलं ते असं: चर्चच्या छपराचे वासे कौलवाल्याच्याच हातचे, मधली जागा चोवीस इंच. साधी घरातली खाट सत्तावीस. म्हणजे अडचण चित्रातल्यासारखीच. शनिवारी सकाळी छप्पर उकलायचं, खाट वर न्यायची आणि खरंच सोडून बघायची. गेली तर कौलवाल्यानं सगळ्यांसमोर म्हणायचं की माणूस खाली आला होता. आता प्रश्न उरला खाटेवर झोपणार कोण. मोठ्या बाई म्हणाल्या, "मी गुडघ्याची आहे, खाटेची नाही." न्हाव्यानं सासूचं नाव सुचवलं, पण ती ठणठणीत होती. ज्यांना ज्यांना आपण खाटेवरचे वाटायचो त्यांना त्यांना त्या शनिवारी बाहेरगावी काम निघालं.

सभेच्या दिवशीच संध्याकाळी फादर कौलवाल्याच्या घरी आले, हे सगळं रद्द झालं म्हणून सांगायला. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. तिनं हाक मारली.

"फादर, खाटेला चार दोर ना?"

"चार."

"धरणार कोण कोण?"

"न्हावी तयार आहे, हात थरथरतो पण तयार आहे. घड्याळवाला आहे. तुमचा धाकटा भाऊ येतो म्हणालाय."

"तीन झाले."

"चौथे हे," फादरांनी कौलवाल्याकडे बोट केलं.

ती नवऱ्याकडे बघत राहिली. कौलवाल्याला वाटलं आता ती भिंतीकडे तोंड करणार. "तुम्ही धरणार?" तिनं विचारलं.

"हो."

"दोनच ओळी राहिल्या म्हणून मधेच कुठं जाणार नाही?"

"नाही," तो म्हणाला.

"मग मी झोपते खाटेवर. आणि ऐका, मला बांधायचं नाही. बांधलंत तर येणार नाही."

शनिवारी वर्ष भरायला नऊ दिवस उरले होते. कौलवाला पहाटेपासून छपरावर. त्यानं आढ्याच्या खालची बत्तीस कौलं उतरवली, एकेक पुसून ओळीनं रचून ठेवली, रिपा उकलल्या. तीस वर्षांत दुसऱ्याचं फुटकं छप्पर त्यानं हजारदा सावरलं असेल, पण चांगलं धडधाकट छप्पर आपल्या हातानं उकलायची ही पहिलीच वेळ. भोकातून खाली वाकून पाहिलं तर चर्चची फरशी खूप खोल दिसली, आणि तिच्यावर फादर, उघडं पुस्तक आणि खुर्चीवर मोठ्या बाई.

खाट त्यानं तीनदा मोजली. सत्तावीस. इतकी इतकी तिरकी केली की बावीसवर येते, हेही खडूनं वाशावर लिहिलं. दोन इंच खेळायला मिळत होते. मग परांचीवरून, कप्पीला बांधून, बायकोला खाटेसकट वर चढवलं. ती डोळे गच्च मिटून होती. चौघे चार कोपऱ्यांना बसले, दोन भोकाच्या या बाजूला, दोन त्या.

"फादर, वाचा!" तिचा भाऊ वरून ओरडला.

फादर वाचू लागले. खाट तिरकी झाली. डावी कड वाशांच्या मधून खाली गेली, सुबक गेली. कौलवाला म्हणाला, "सोडा, सावकाश, अजून सावकाश," आणि उजवी कड वाशाशी आली आणि कटकन थांबली.

"काय झालं?"

"ढिली करा थोडी."

ढिली केली. खाट हलेना. ओढली. तरीही हलेना. बाटलीत बूच बसावं तशी ती बसली होती. कौलवाल्यानं वाकून बघितलं. खाट मोजली होती. माणूस मोजलं होतं. खाटेच्या पायांना बांधलेल्या दोरांच्या गाठी मोजल्याच नव्हत्या. एकेक गाठ मुठीएवढी, आणि उजवीकडच्या दोन गाठी वाशावर ठाण मांडून बसलेल्या.

"दाजी," न्हावी म्हणाला, "माझा हात फार थरथरतोय."

"उक्," घड्याळवाला म्हणाला आणि खाट एक बोट हलली, पण सरळ खाली नाही, आणखी तिरकी. बायको खाटेवरून घसरली. दोन्ही हातांनी तिनं उजव्या वाशाला मिठी मारली, आणि तिचे पाय, अकरा महिने ज्यांनी काहीही शोधलं नव्हतं ते, खाली हवेत आधार शोधू लागले. डाव्या वाशावर टेकले. घसरले. पुन्हा टेकले.

कौलवाल्यानं आपला दोर मेहुण्याच्या हातात कोंबला. भोकाच्या कडेनं सरपटत तो उजव्या वाशापाशी आला, पिशवीतून करवत काढली आणि वाशाला लावली. वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं तासून बसवलेला वासा. त्यानं मागंपुढं बघितलं नाही. भुसा खाली चर्चमध्ये उडू लागला. फादर पुस्तकावरचा भुसा झटकत वाचत होते.

"अहो," ती म्हणाली.

"थांब. एवढा वासा कापला की खाट मोकळी होईल."

"अहो, काय कापताय?"

"वासा!"

"आणि मी कशाला धरलंय?"

त्यानं करवत थांबवली. बघितलं. तिचे दोन्ही हात करवतीपासून वीतभर अंतरावर त्याच वाशाला होते.

"वाशाला," तो म्हणाला.

"मग?"

त्यानं करवत वाशावरून उचलली. "मला वाटलं," तो म्हणाला, "मला वाटलं लवकर करावं. त्या दिवशी मी उशीर केला. तीन तास तू..."

"ते मग बोलू," ती म्हणाली. "आधी करवत ठेवा. हात द्या."

त्यानं करवत ठेवली. छपराच्या उतारावर ती घसरत गेली आणि पन्हाळीत अडकली. त्यानं हात दिला. तिनं आधी एक हात वाशावरून काढून त्याच्या मनगटाला धरलं, मग दुसरा. डावा पाय डाव्या वाशावर दाबला. गुडघा करकरला, चौघांनाही ऐकू आला. मग उजवा पाय वर आला, उजव्या वाशावर, मग डावा त्याच्याशेजारी, आणि ती उभी राहिली. भोकाच्या कडेला, वाऱ्यात, नवऱ्याच्या दोन्ही मनगटांना धरून, पण उभी.

घड्याळवाल्याची उचकी थांबली होती, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही, त्याच्याही नाही. तिघांच्या हातातले दोर आपोआप सैल पडले होते, अंगावरचा भार गेलेली खाट जराशी फिरली, गाठी वाशावरून सुटल्या आणि ती सरसर खाली गेली.

"आली! खाट आली!" खालून मोठ्या बाई ओरडल्या. बघायला त्या खुर्चीवरून उठून थेट भोकाखाली आल्या होत्या, आणि काठी तिकडंच खुर्चीला टेकलेली होती. "अगं बाई, रिकामीच आली! फादर, माणूस कुठंय?"

"वर आहे," फादर म्हणाले. त्यांचं वाचन थांबलं होतं. ते मान वर करून, भुसा डोळ्यांत जात असतानाही, बघत होते.

"दाजी, उतरवायचं का ताईला?" भावानं विचारलं. "परांचीकडं घेऊ का?"

"थांब रे," तीच म्हणाली. ती इकडंतिकडं बघत होती. गावातली सगळी छपरं खाली पसरली होती, लाल, काळपट, शेवाळलेली, एकाला एक चिकटलेली, आणि त्यांच्या पलीकडं नदीचं वळण आणि पूल, आणि पुलावर मुंगीएवढा एक सायकलवाला. तिचा श्वास अजून जोरात चालला होता.

"हे तुम्हाला रोज दिसतं?" तिनं विचारलं.

"हो."

"इतकी वर्षं?"

"हो."

"आणि घरी येऊन काय सांगायचात? रिपा सडल्यात, कौलं महागलीत." तिचा आवाज कापला. रागानं कापला की कशानं, ते त्याला कळलं नाही. "एकदा तरी सांगायचं होतं हो."

कौलवाल्यानं मान खाली घातली. खरं तर त्यानं कधी नीट बघितलंच नव्हतं. त्याला नेहमी पायांखालचं कौल दिसायचं. शिकाऊ माणसांना तो पहिल्या दिवशी एकच गोष्ट ओरडून ओरडून सांगायचा, पाय वाशावर ठेवा, कौलावर ठेवू नका, कौलावर पाय पडला तर माझ्याशी गाठ आहे.

तिनं वाशावरून एक पाय उचलला आणि पुढं टाकला, न उकललेल्या कौलांवर, जिथं नदी जास्त चांगली दिसत होती. तिच्या टाचेखाली कौल तडकलं. आवाज स्वच्छ आला. ती घाबरून थांबली आणि तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"फुटलं का हो?"

"फुटू दे," तो म्हणाला, आणि तिची मनगटं आणखी घट्ट धरली. "अजून एक टाक."